हळद आणि आठवण : कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील एका औषधाचा प्रवास

कोल्हापूर परिसरात हळद सर्वांत जास्त सांडते ती तीन ठिकाणी : लग्नाच्या मांडवात, बिरदेवाच्या माळावर आणि तालमीच्या हौद्यात. चौथे ठिकाण स्वयंपाकघर, पण तिथे ती चिमटीने मोजून पडते. कातडी, जखम, रंग आणि देव या चार गोष्टींशी या भागातील हळदीचे नाते शेकडो वर्षांचे आहे. मेंदूशी आणि आठवणीशी तिचे नाव जोडले गेले ते मात्र एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, तेही हजारो मैल दूरच्या प्रयोगशाळांत. अल्झायमर या आजारावर हळदीतील द्रव्ये उपयोगी पडतील काय, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर हळद या खोऱ्यात काय काम करत आली, हे आधी पाहावे लागते.

हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीला दिवाळीच्या सुमारास विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातून आलेले धनगर समाजाचे भाविक ढोल-कैताळाच्या गजरात गजनृत्य करतात, आणि हळदीच्या भंडाऱ्याची उधळण इतकी होते की देऊळ, रस्ते, माणसांचे डोळे-भुवया, घोंगडी सारे एकाच रंगाचे होते. फरांडेबाबांची भाकणूक, म्हणजे येत्या वर्षाच्या पाऊसपाण्याचे भविष्य, ऐकायला लोक याच पिवळ्या धुळीत उभे राहतात. सीमेपलीकडे निपाणीजवळच्या आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेतही भंडारा आणि भाकणूक आहेतच. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला जातो, म्हणून पन्हाळ्याच्या बाजूने परतणारा यात्रेकरू गुलाबी असतो आणि पट्टणकोडोलीहून परतणारा पिवळा. जेजुरीचा भंडारा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण कोल्हापूरच्या माणसाला त्यासाठी इतके लांब जावे लागत नाही.

लग्नात हळद नवऱ्याला आधी लागते आणि उरलेली, म्हणजे उष्टी, हळद नवरीकडे जाते. त्याआधी घाणा भरताना मुसळाला आणि जात्याला हळकुंड बांधतात. ऐपत नसलेल्या घरात सोन्याच्या मण्याऐवजी पिवळ्या दोऱ्यात ओवलेले हळकुंडच मंगळसूत्राचे काम करत आले. फुटवे असलेल्या कंदाला ‘लेकुरवाळे हळकुंड’ म्हणतात आणि पूजेत त्याला मान असतो. भाषेतही तिचा मुक्काम मोठा आहे. घाईने फळ मागणाऱ्याला ‘पी हळद अन् हो गोरी’ ऐकावे लागते, आणि थोडक्यात हुरळून जाणारा अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. हळदीचा गुण दिसायला वेळ लागतो, हे या दोन्ही म्हणी घडवणाऱ्यांना पक्के माहीत होते. अल्झायमरच्या संशोधनाची गोष्ट वाचताना या म्हणी वारंवार आठवतात.

बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या, सोलवटलेल्या खांद्यांना हळद आणि तेल किंवा तूप चोळून शेकतात. हाच विचार तालमीत दिसतो. शाहू महाराजांनी, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळातील कोल्हापूरच्या छत्रपतींनी, कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. गंगावेश, मोतीबाग या तालमींतील हौद्याची तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात हळद, ताक, लिंबाचा रस, तेल, कापूर आणि काव मिसळून ती मळली जाते. पैलवानांचे अंग दररोज त्या मातीत घासले जाते, खरचटते, घाम मुरतो. जखमा चिघळू नयेत आणि कातडीचे विकार पसरू नयेत म्हणून ही तजवीज. मुक्या माराला आंबेहळदीचा लेप आणि घसा धरला की हळद घातलेले गरम दूध, हे उपाय तर वैद्याला विचारून कोणी केलेच नाहीत.

एवढी हळद येते कुठून? शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील नदीकाठच्या जमिनी, वाळवा-मिरजेचा पट्टा आणि वर साताऱ्याकडे वाईपर्यंतचे कृष्णेचे खोरे हा तिचा जुना मुलूख. अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत लागण होते. कंदांना जेठे गड्डे, अंगठे गड्डे, बगल गड्डे अशी नावे आहेत. बेण्यासाठी जेठे गड्डे राखून ठेवतात. पीक आठ-नऊ महिने शेतात उभे राहते आणि संक्रांतीनंतर पाला कापून काढणी सुरू होते. ओली हळद बाजारात चालत नाही. ती शिजवावी लागते, म्हणजे तिचा हिरवट वास जातो, रंग सगळीकडे सारखा पसरतो आणि कंद लवकर वाळतो. कोल्हापूरच्या शेतकऱ्याकडे यासाठी एक भांडे आयतेच असे : गुऱ्हाळाची काहील. उसाच्या हंगामात जिच्यात गूळ शिजला तिच्यातच पुढे हळद शिजे, वर पाला आणि गोणपाट झाकून. आता वाफेवर चालणारे कुकर आले, इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात. शिजलेली हळद दहा-पंधरा दिवस उन्हात वाळते, मग फिरत्या पिंपात घालून तिची साल आणि मुळ्या घासून काढतात. हेच पॉलिश. पाच-सहा क्विंटल ओल्या हळदीतून जेमतेम एक क्विंटल वाळलेला माल हाती येतो.

सांगलीजवळ कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. कृष्णा आणि फुले स्वरूपा हे वाण तिथलेच. कृष्णा उत्पन्नाला चांगला, पण त्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य, ३ टक्क्यांच्या आतच. फुले स्वरूपात ते ५ टक्क्यांच्या पुढे जाते. स्थानिक राजापुरीही रंगाला भारी. एकेकाळी शेतकऱ्याला हे आकडे सांगण्याची गरज नव्हती, कारण व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहत असे आणि भाव करत असे. आकड्यांना महत्त्व आले ते औषध कंपन्यांची मागणी वाढल्यावर.

कोल्हापूर आणि सांगली या दोन शेजारी संस्थानांनी बाजारपेठांची जणू वाटणी करून घेतली होती. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली, १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली आणि कोल्हापूर गुळाचे झाले. हळद मात्र सांगलीला गेली. चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेतून वेगळे होऊन एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी सांगलीला राजधानी केली, आणि पुढे हे गाव देशातील हळदीच्या मोठ्या बाजारांपैकी एक बनले. कोल्हापूर जिल्ह्यातील हळदही सौद्यासाठी तिकडेच जाते. याचे एक कारण व्यापाऱ्यांचे भांडवल, आणि दुसरे जमिनीच्या पोटात होते.

सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवण्याची पेवे आहेत. पेव म्हणजे जमिनीत खोदलेला रांजणाच्या आकाराचा खड्डा : तोंड अरुंद, पोट मोठे, खोली वीस-पंचवीस फुटांपर्यंत. तिथली माती चिवट आणि घट्ट. भिंती कोसळत नाहीत आणि पाणी सहजी झिरपत नाही. खड्डा वाळवून, सारवून, तळाला व कडेला पाला अंथरून त्यात हळद ओततात आणि तोंड मातीने बंद करतात. आतला प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू साचतो, त्यामुळे किडा-भुंगा जगत नाही. एकही औषध न फवारता हळद वर्षानुवर्षे टिकते, आणि जाणकारांच्या मते रंग उलट खुलतो. पेव उघडताना मात्र जिवाशी गाठ असते. तोंड उघडून आतली हवा बाहेर जाऊ द्यावी लागते, पेटता कंदील दोराने खाली सोडून तो विझतो की तेवतो हे पाहिल्याशिवाय कोणी उतरत नाही. साठवलेल्या मालाच्या पावतीवर बँका कर्ज देत, म्हणजे पेव हे कोठारही होते आणि तारणही. एखादी गोष्ट अचानक उदंड झाली की मराठीत ‘पेव फुटले’ म्हणतात. हा वाक्प्रचार धान्याच्या पेवांचा असला, तरी त्याचा खरा अनुभव हरिपूरकरांनीच शेवटपर्यंत घेतला. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, माल कुजला, अनेक पेवे खचली. त्यानंतर व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. २०१९ च्या पुराने उरलेसुरले मोडीत काढले. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते मिळवताना या पेवांचे वेगळेपण पुढे ठेवले गेले होते. ज्या साठवणुकीने नाव मिळवून दिले ती नावापुरतीच उरावी, ही हानी मोठी आहे. विनारसायन, विनावीज धान्य आणि मसाले जपण्याचे हे तंत्र एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने मोजून, नोंदवून ठेवायला हवे होते.

औषध म्हणून हळदीचा लेखी इतिहास या खोऱ्यापेक्षा फार जुना आहे. चरकसंहितेत हरिद्रा लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न या गणांत येते. म्हणजे मेद खरवडणारी, त्वचाविकार घालवणारी आणि विषावर चालणारी. वाग्भटाने प्रमेहावर आवळा आणि हळद ही जोडी श्रेष्ठ मानली. मात्र बुद्धी व स्मरणासाठी चरकाने जी चार मेध्य रसायने सांगितली ती मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यात हळद नाही. उन्माद आणि अपस्मारावरच्या कल्याणक घृतात दोन्ही हळदी, म्हणजे हळद आणि दारुहळद, आहेत, पण अठ्ठावीस द्रव्यांपैकी दोन म्हणून; तुपाच्या जोडीने, पाठीमागच्या रांगेत. आजच्या जाहिरातींत ‘स्मरणशक्तीसाठी हजारो वर्षांपासून वापरली जाणारी हळद’ असे लिहिलेले असते, त्याला ग्रंथांचा आधार नाही. परंपरेने हळदीला जे दिले ते भरपूर आहे, त्यात खोटी भर घालण्याची गरज नाही.

परंपरेचा आधार किती नेमका असावा लागतो हे एका खटल्याने दाखवून दिले. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट दिले. हे दोघेही मूळचे भारतीय होते. बैलाच्या खांद्याला हळद चोळणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने, अमेरिकेच्या कायद्यापुरते का होईना, कोणाच्या तरी मालकीचे ज्ञान वापरले असा त्याचा अर्थ होत होता. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेलचे, यांनी हे आव्हान अंगावर घेतले. ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीचा अर्ज दाखल झाला. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ हे पेटंट कार्यालयापुढे पुरावा म्हणून चालत नाही. छापील नोंद लागते. परिषदेने संस्कृत, उर्दू, हिंदीतील जुन्या ग्रंथांचे उतारे आणि १९५३ च्या भारतीय वैद्यक नियतकालिकातील लेख धरून ३२ संदर्भ सादर केले. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. पारंपरिक ज्ञानाची अंकीय नोंदवही उभारण्याच्या कामाला पुढे जी गती आली, तिच्यामागे हा धडा होता.

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा, त्या कर्क्युमिनला १८१५ मध्ये फोगल आणि पेलतिए यांनी वेगळे काढले. त्याची रचना कळायला जवळजवळ शतक लागले. १९१० मध्ये मिलोबेंझ्का, कोस्टानेत्स्की आणि लाम्पे यांनी ती मांडली, आणि १९१३ मध्ये ते कृत्रिमरीत्या बनवता आले. १९५३ मध्ये श्रीनिवासन यांनी दाखवले की हळदीत एक नव्हे, तीन जवळची भावंडे आहेत. त्यांना मिळून कर्क्युमिनॉइड म्हणतात. १९७०च्या दशकाच्या आरंभी लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत श्रीमल आणि धवन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून कर्क्युमिनचा सूज कमी करण्याचा गुण सिद्ध केला. खांदेमळणीमागचे रसायनशास्त्र तिथे प्रथम नीट मोजले गेले असे म्हणता येईल.

कर्क्युमिनची रचना उलगडत होती त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या आरंभी, आठवणीच्या आजाराची नोंद दुसऱ्या टोकाला सुरू झाली होती. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी जर्मनीतील ट्युबिंगन येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी आगुस्ट डेटर या स्त्रीच्या मेंदूचे निदान मांडले. त्यात पेशींबाहेर साचलेले कण आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे होते. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आजाराला अल्झायमरांचे नाव दिले. बाहेरचे साठे बीटा-अॅमिलॉइड या प्रथिनाचे आहेत हे १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी ओळखले. आतले धागे टाऊ या प्रथिनाचे. कोल्हापूरच्या बोलीत या आजाराला नाव नव्हते, शब्द होते : म्हातारचळ, बुद्धी फिरणे, साठी बुद्धी नाठी. वय झाले की असे व्हायचेच ही समजूत त्या शब्दांत आहे, आणि तिच्यामुळे कित्येक रोगी डॉक्टरांपर्यंत पोहोचलेच नाहीत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेला संस्कृत पंडित उभा केला, तेव्हा अनेक मराठी घरांना आपल्याच घरातील दुखण्याचे नाव कळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील साठीपुढील लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण.

हळद आणि अल्झायमर यांची गाठ पडली ती २००१ मध्ये, आणि एकाच वर्षी दोन वाटांनी. हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत भारतीय व अमेरिकी संशोधकांनी वृद्धांची पाहणी केली होती. वयोमानाचा फरक हिशेबात घेऊन ६५ वर्षांपुढील हजार माणसांमागे वर्षाला ४.७ नवे अल्झायमर रोगी असा दर निघाला. पेनसिल्व्हेनियातील मोनोंगाहेला खोऱ्यात तोच दर १७.५ होता. दुसरीकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत ग्रेगरी कोल आणि सॅली फ्राउट्शी यांच्या गटाने अॅमिलॉइड साठावा अशी जनुके घातलेल्या उंदरांना सहा महिने कर्क्युमिन खाऊ घातले. कमी मात्रेवर ठेवलेल्या उंदरांच्या मेंदूतील अॅमिलॉइड ४३ ते ५० टक्क्यांनी घटले. जास्त मात्रेने ते घटले नाही, ही बाब नंतरच्या बातम्यांतून गळाली. २००५ मध्ये याच गटाने दाखवले की कर्क्युमिन अॅमिलॉइडला जाऊन चिकटते आणि त्याच्या गाठी व धागे बनू देत नाही. अॅमिलॉइड ओळखण्यासाठी प्रयोगशाळांत काँगो रेड नावाचा रंग फार पूर्वीपासून वापरतात, आणि कर्क्युमिनची ठेवण त्याच्याशी मिळतीजुळती आहे. रंगवण्याचा हळदीचा जुना गुण इथेही कामी आला.

या दोन बातम्या एकत्र वाचल्या गेल्या आणि ‘भारतीय हळद खातात म्हणून त्यांना अल्झायमर कमी’ हे वाक्य जन्माला आले. बल्लभगढच्या संशोधकांनी ते लिहिले नव्हते. आयुर्मान कमी असणे आणि पाठपुराव्याचा काळ तोकडा असणे ही साधी कारणे त्यांच्यासमोर होती. पुढे केरळातील तिरुवनंतपुरममध्ये दहा वर्षे पाठपुरावा झाला, तेव्हा ६५ वर्षांपुढील हजारामागे १५ हून अधिक नवे रोगी असा दर आढळला, पाश्चात्त्य आकड्यांच्या जवळ जाणारा. केरळातील स्वयंपाकात हळद कमी नसते. सिंगापुरात २००६ मध्ये हजारावर वृद्धांच्या पाहणीत आमटी-रस्सा अधूनमधून खाणाऱ्यांना चाचणीत थोडे जास्त गुण मिळाले. परंतु अशा पाहणीत शिक्षण, उत्पन्न, बाकीचा आहार यांचे धागे पूर्ण सोडवता येत नाहीत.

माणसांवरच्या चाचण्यांनी उत्साह थंड केला. हाँगकाँगमध्ये ३४ रुग्णांना सहा महिने रोज १ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन किंवा खोटी गोळी दिली गेली. २००८ मध्ये निकाल आला, मात्रा घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांत फरक नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये ३६ रुग्णांना २४ आठवडे २ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन किंवा खोटी गोळी दिली. २०१२ चा तो निकालही तसाच, आणि रक्तात कर्क्युमिन जवळपास पोहोचलेच नव्हते. आशा जागवणारी एक चाचणी २०१८ ची आहे. आजार नसलेल्या, पण विसराळूपणाची तक्रार असलेल्या ५१ ते ८४ वयाच्या ४० जणांपैकी काहींना गॅरी स्मॉल यांच्या गटाने सहज शोषले जाणारे कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे अठरा महिने दिले. त्यांची स्मरणशक्ती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुधारली. चाळीस जणांची चाचणी ही दिशा दाखवू शकते, औषध ठरवू शकत नाही. त्यापूर्वी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात ९६ निरोगी वृद्धांवर वर्षभर चाललेल्या चाचणीत ठळक लाभ दिसला नव्हता.

कर्क्युमिनची अडचण रसायनातच आहे. ते पाण्यात विरघळत नाही. पोटात गेलेले बरेचसे तसेच बाहेर पडते. आतड्यात आणि यकृतात शिरलेले लगेच बदलून निकामी होते. रक्ताइतक्या आम्लतेच्या साध्या द्रावणात ते अर्ध्या तासात नव्वद टक्के मोडते. मग मेंदूभोवतीची गाळणी ओलांडून त्याचे कितीसे रेणू आत जाणार? १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातील पिपरिन २० मिलिग्रॅम दिले, तेव्हा शोषण वीसपट वाढले. हळद तेला-तुपात परतण्याची आणि मिऱ्याच्या जोडीने वापरण्याची घरगुती पद्धत या शोधाशी जुळते, म्हणून तांबड्या रश्शाचा अभिमान वाटावा. पण मात्रेचा हिशेब अभिमानाने भरून निघत नाही. भारतीय जेवणातून दिवसाला साधारण दोन-अडीच ग्रॅम हळद पोटात जाते. ३ टक्के धरले तर त्यात कर्क्युमिन ६० ते ७५ मिलिग्रॅम. अपयशी ठरलेल्या चाचणीतील २ ग्रॅम मिळवायला रोज ६५ ग्रॅमहून अधिक हळद पूड खावी लागेल, ४ ग्रॅमसाठी त्याच्या दुप्पट. २०१७ मध्ये नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिनवरील संशोधनाचा परखड आढावा घेतला. हा रेणू स्वतः चमकतो, प्रथिनांना सरसकट चिकटतो, मोडतो, त्यामुळे परीक्षानळीतील चाचण्यांना गुण असल्याचा भास होतो, असे त्यांनी दाखवले. त्यांचे म्हणणे कडक असले तरी रास्त आहे. हळदीत कर्क्युमिनखेरीज सुगंधी तेलेही आहेत. त्यातील आर-टर्मेरोनमुळे उंदरांच्या मेंदूतील मूळपेशी वाढतात असे जर्मनीत २०१४ मध्ये दिसले. ते काम माणसापर्यंत आलेले नाही. अॅमिलॉइड हटवणारे लेकॅनेमॅब हे महागडे इंजेक्शन २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेही आजाराचा उतार अठरा महिन्यांत सुमारे २७ टक्क्यांनी मंद करते, थांबवत नाही. एवढ्या नेमक्या औषधाची ही गत, तर रक्तातच न पोहोचणाऱ्या द्रव्याकडून किती अपेक्षा ठेवावी हे उघड आहे.

गोळ्यांचा व्यापार मात्र थांबला नाही. शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याचे इटलीत २०१९ पासून नोंदले गेले. अमेरिकेतील यकृत-इजेच्या नोंदवहीत २०२२ पर्यंत अशी दहा प्रकरणे आली, त्यातील एक रुग्ण दगावला. भाजीतील हळदीने असे होत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धाला घरच्यांनी परस्पर कर्क्युमिन सुरू करणे धोक्याचे आहे.

याहून गंभीर बाब भेसळीची. फिकट हळद पिवळीधमक दिसावी म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट फासण्याची चाल दक्षिण आशियात अनेक ठिकाणी पसरली. शिसे मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते आणि मोठ्यांच्याही मज्जासंस्थेला पोखरते. म्हणजे मेंदूसाठी म्हणून घेतलेली हळदच मेंदूचे नुकसान करू शकते. बांगलादेशात संशोधकांनी हे उघडकीस आणल्यावर सरकारने तपासणी आणि दंड सुरू केला. बाजारातील शिसेयुक्त नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. दोन वर्षांत हे घडू शकते, याची ही नोंद आहे. यात्रेत उधळला जाणारा स्वस्त भंडारा लहान मुलांच्या नाका-तोंडात जातो. त्याची तपासणी अन्नाइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.

संशोधनाची एक वाट अजून चालू आहे, आणि ती उपचारापेक्षा निदानाची आहे. डोळ्याच्या पडद्यावरही अॅमिलॉइडचे कण साचतात असे लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातील गटाला आढळले. रुग्णाला कर्क्युमिन देऊन त्या कणांना चमक आणायची आणि डोळ्याचे छायाचित्र घेऊन आजार लवकर ओळखायचा, या प्रयत्नांचे माणसांवरील पहिले निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे कर्क्युमिन औषध नाही, रंग आहे. सांगलीच्या सौद्यात आता हळदीच्या ढिगावर वाणाच्या नावासोबत कर्क्युमिनच्या टक्क्यांचीही विचारणा होते, आणि तरीही खरेदीदार हळकुंड उचलतो, मोडतो आणि आतला रंग उजेडाकडे धरून पाहतो.